स्टडला हातोडा लावायच्या आधी

बसा बसा, पुढं या की, मागून हा हब दिसायचा नाही. जुन्या विलिस पॅटर्नच्या जीपचा हब आहे हा, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, ब्रेकचा ड्रम अजून त्याला चिकटूनच आहे, आणि आज जे काय सांगायचंय ते या पाच स्टडांबद्दलच, म्हणजे चाकाचे नट ज्यावर चढतात त्या बोल्टांबद्दल.

आपल्या खानापूर, चंदगड साईडला असल्या जीपा अजून चालतात, काहींनी आजोबांची गाडी म्हणून जपून ठेवल्यात. चोर्ला घाट उतरताना ड्रम तापतो, वर्षानुवर्षं असाच तापून आतून खाचा पडतात, दोनतीनदा लेथवर टर्न केला की भिंत पातळ होते. नऊ इंची ड्रम म्हणजे २२८.६ एमएम, हा आतला व्यास साधारण दीड एमएमच्या वर वाढला की ड्रम बदलायचाच. आणि तिथंच घोळ सुरू होतो, कारण हा ड्रम आजच्या गाडीसारखा दोन टोले मारून हातात येत नाही.

का येत नाही? इथं बोट फिरवून बघा. स्टड मागनं हबमधून आणि मग ड्रममधून आरपार काढलाय, आणि ड्रमच्या तोंडावर त्याची कॉलर कंपनीतच दाबून बाहेर पसरवलीय, रिव्हेट करतात तशी. यालाच स्वेज म्हणायचं. सगळ्या जुन्या गाड्यांना असं नसतं, काहींचा ड्रम नुसत्या तीन स्क्रूवर असतो, म्हणून आधी नीट बघायचं.

आता ही पसरलेली कॉलर तशीच ठेवून स्टड मागं ठोकला तर ती जाताना ड्रमचं भोक फाडते आणि मग हबचंही. मी शिकाऊ असताना हेच केलं. पाचही स्टड घणानं काढले, नवे घातले, ते घट्ट बसायला हवे होते, पण हातानंच आत गेले तरी मला काही वाटलं नाही. आठवड्यानं ती जीप परत आली, दोन स्टड नटासोबत गरागरा फिरत होते, नट ना सुटत ना आवळत. चाक घाटात निघालं असतं तर? आत पाच माणसं होती. हे मी कुठल्याही पोराला सांगितल्याशिवाय राहत नाही. ड्रम एकवेळ मिळेल हो, चांगला जुना हब आणायचा कुठनं?

म्हणून आधी कॉलर कापा. पिलर ड्रिलला होल सॉ, म्हणजे गोल पोकळ करवत, लावायचा, मधलं पायलट ड्रिल काढून टाकायचं, आणि आतून स्टडच्या आट्यांवर जेमतेम बसेल असा साईज घ्यायचा. पायलट नसल्यानं तो भरकटतो, त्यामुळं हब टेबलवर क्लॅम्पनं पक्का बांधा, स्पीड कमी ठेवा, तेल सोडत राहा. ड्रमच्या तोंडाला लेव्हल आली की थांबा, खाली गेलात तर ड्रमच कापाल. जुना ड्रम तसाही टाकायचाय, पण हात सवयीचा झाला पाहिजे. पाचही कापले की ड्रम सरळ पुढं निघून येतो आणि स्टड हबमध्येच राहतात. आट्या चांगल्या असल्या तर त्यांना हात लावायचीही गरज नाही!

स्टड बदलायचाच असेल तर हायड्रॉलिक प्रेस. हबच्या फ्लँजखाली, म्हणजे स्टड बसतात त्या चपट्या चकतीखाली, स्टडच्या अगदी जवळ जाड पाईपचा तुकडा टेकवा, नाहीतर फ्लँज वाकते. नवा स्टड घेताना नुसती लांबी बघू नका, हबमध्ये घट्ट बसतो त्या दातेरी भागाचा व्यास व्हर्नियरनं मोजा. आणि ड्रायव्हर साईड की क्लीनर साईड तेही बघा, कारण या जीपांना डाव्या बाजूला उलट्या आट्या असतात. जोर लावून लावून स्टड तुटतो आणि माणूस म्हणतो गंजलाय, अरे तू आवळत होतास!

ब्रेकची धूळ हवेनं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असतो, ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

नव्या ड्रमला परत स्वेज करायची गरज नाही, हबच्या मधल्या गोलावर तो नीट बसत असला की चाकाचे नट त्याला आवळून धरतात. फक्त फ्लँज घासून लख्ख करा, कागदाएवढा गंज राहिला तरी ड्रम डोलतो आणि पेडल पायाला धडधडतं, डायल गेज लावून बघितलं की लगेच कळतं. पन्नासेक किलोमीटर चालवून नट परत टाईट करा.

हे घ्या, आता कापलेली रिंग. गरम आहे जरा, बघा आणि मागं पास करा.