पाण्याच्या चमच्याला ठसका

(दृश्य : इंदूर, रामबाग. सकाळ. स्वयंपाकघर.)

मऊ वरणभात सुरळीत जातोय. पण पाण्याचा चमचा तोंडात गेला रे गेला की दीड वर्षाच्या या मुलाला ठसका लागतो. आजी टाळूवर फुंकर घालते, "वर बघ, वर बघ" म्हणते आणि सुनेला बजावते, "आराम से दे गं!" न्यूमोनिया दोनदा होऊन गेलाय.

जन्मला तेव्हा याची अन्ननलिका मध्येच तुटलेली होती आणि खालचं टोक श्वासनलिकेला जोडलेलं होतं. साधारण साडेतीन हजार जन्मांमागे एका बाळात असा दोष असतो. पहिल्याच आठवड्यात छाती उघडून तो जोड तोडला, अन्ननलिका सांधली. हे काम एकाच ऑपरेशनात पहिल्यांदा साधलं ते १९४१ मध्ये, अमेरिकेत मिशिगनला, सर्जन कॅमेरॉन हाइट यांना. त्याआधी अशी बाळं बहुतेक दगावायचीच.

पण शंभरातल्या पाच-दहा मुलांत तोडलेली वाट पुन्हा उघडते. घट्ट घास अन्ननलिकेतून निघून जातो. पातळ पाणी मात्र त्या फटीतून श्वासनलिकेत झिरपतं.

(दृश्य : ऑपरेशन थिएटर. पडद्यावर श्वासनलिकेचा आतला भाग.)

पुन्हा छाती उघडायची, तर जुन्या व्रणामुळे आत सगळं एकमेकांना चिकटलेलं. म्हणून आधी दुर्बिणीचा मार्ग. मूल भूल देऊन झोपवलेलं आहे. श्वासनलिकेच्या मागच्या भिंतीवर नुसती एक खळी दिसते. डॉक्टर अन्ननलिकेत निळं औषध सोडतात. क्षणभर काही नाही. मग खळीतून निळा थेंब वर येतो.

आता ते भोक बुजवायचं. नुसता गोंद भरून भागत नाही. टोचलेल्या कानाचं भोक बुजत नाही, कारण आतून कातडी धरलेली असते. इथेही तसंच नाजूक अस्तर तयार झालेलं असतं. ते आधी खरवडायचं, विजेच्या बारीक तारेने जाळायचं, किंवा ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा काही सेकंद टेकवायचा. आतल्या बाजू हुळहुळ्या झाल्या की शरीर स्वतःच त्या सांधू लागतं. काही डॉक्टर वरून फायब्रिन ग्लू, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा गोंद, सोडतात. बाहेर एक टाकाही नाही.

घरच्यांना वाटतं, झालं, सुटलो! पण बऱ्याचदा एका खेपेत काम होत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण, पुन्हा तपासणी, गरज पडली तर पुन्हा ॲसिड. आमच्या मते आईबापांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं. दुसऱ्या खेपेला ते हाय खातात ते न सांगितल्यामुळेच. भोक मोठं असेल तर मात्र छाती उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि वाट बुजली तरी भुंकल्यासारखा खोकला बराच काळ राहू शकतो, कारण अशा मुलांची श्वासनलिका मुळातच लिबलिबीत असते.

मोठ्यांमध्ये अशा भोकाची कारणं वेगळी : अन्ननलिकेचा कॅन्सर, किंवा फार दिवस व्हेंटिलेटरच्या नळीच्या फुग्याचा दाब. कॅन्सरमध्ये बहुधा आवरण असलेला स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवून फट झाकतात.

(दृश्य : टीव्हीचा रिमोट, खेळण्यातली गाडी.)

धडधाकट मुलातही असं भोक पडू शकतं, ते बटण बॅटरीमुळे. अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांत आतली भिंत जाळायला लागते. गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच हॉस्पिटल आणि एक्स-रे. बॅटरी काढल्यानंतरही काही आठवडे डॉक्टर विचारत राहतात, पाणी पिताना ठसका लागतो का? कारण भोक कधीकधी नंतर पडतं.