रूपर्ट्सबर्गच्या मठातील गाणे

श्रोतेहो, नमस्कार.

इ.स. ११७८ मध्ये जर्मनीतील ऱ्हाइन नदीकाठी, बिंगेन गावाजवळच्या रूपर्ट्सबर्ग मठातील जोगिणींना एक शिक्षा झाली. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या गाण्यावर बंदी घातली. प्रार्थना म्हणायच्या त्या दारे लावून, हलक्या आवाजात, नुसत्या वाचून. कम्युनियनही, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधीही, बंद झाले. ही शिक्षा त्यांना किती जिव्हारी लागली असेल, हे कळण्यासाठी त्या काळी मठातील दिवस कसा जात असे ते आधी पाहायला हवे.

सहाव्या शतकात इटलीमध्ये संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली, आणि पुढे युरोपभरच्या असंख्य मठांचा दिनक्रम तिच्यावरच बेतला गेला. दिवसातून सात वेळा आणि शिवाय रात्री एकदा सर्वांनी प्रार्थनामंदिरात जमायचे, आणि बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे दर आठवड्याला पुरी करायची, असा तिचा दंडक होता. शेतकाम, स्वयंपाक, वाचन, झोप हे सगळे या प्रार्थनांच्या मधल्या वेळात बसवलेले असे. रात्री हाक येताच उठता यावे म्हणून अंगावरच्या कपड्यांनिशी, कंबरपट्टा बांधूनच निजायचे. पण हा नियमकर्ता माणसाची झोप ओळखून होता. रात्रीच्या प्रार्थनेच्या आरंभीचे ९५ वे स्तोत्र मुद्दाम अगदी संथ म्हणावे, म्हणजे उशिरा उठलेल्यांनाही ते संपायच्या आत पोहोचता येईल, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यानंतर येणाऱ्याला मात्र शेवटी उभे राहावे लागे. शिस्तीच्या एवढ्या कडक ग्रंथातली ही सवलत मला फार मोलाची वाटते.

रूपर्ट्सबर्गच्या प्रमुख हिल्डेगार्ड यांचा जन्म १०९८ चा. लहान वयातच त्यांना युट्टा नावाच्या तपस्विनीच्या हाती सोपवण्यात आले, आणि स्तोत्रे म्हणायला त्या तिच्याकडेच शिकल्या. सुमारे ११५० मध्ये त्यांनी आपल्या जोगिणींसह रूपर्ट्सबर्गला स्वतंत्र मठ वसवला. त्यांनी रचलेली सत्तराहून अधिक गीते आज उपलब्ध आहेत. मठांतील परंपरागत गायन एकाच स्वररेषेचे आणि बहुधा एका सप्तकाच्या आसपास फिरणारे असे. हिल्डेगार्ड यांची चाल मात्र एका झेपेत वर चढते आणि एकेका अक्षरावर दीर्घकाळ रेंगाळते. सद्गुणांवर रचलेल्या त्यांच्या संगीतनाटकात सगळी पात्रे गातात, फक्त सैतानाला गाणे दिलेले नाही. तो नुसता ओरडतो.

बंदीचे निमित्त होते एका सरदाराचे दफन. त्याला एकदा धर्मबहिष्कृत केलेले होते. मृत्यूपूर्वी त्याला क्षमा मिळाली होती, असे हिल्डेगार्ड यांचे म्हणणे होते आणि म्हणूनच त्यांनी मठाच्या आवारात त्याला जागा दिली होती. अधिकाऱ्यांनी प्रेत उकरून बाहेर टाकण्याचा हुकूम सोडला. ऐंशीच्या घरातल्या हिल्डेगार्ड यांनी तो साफ नाकारला; त्यांनी आपल्या काठीने थडग्यावर क्रूसाची खूण केली आणि ते कोणाला ओळखू येऊ नये म्हणून त्याच्या खुणा पुसून टाकल्या, असे सांगितले जाते.

गायनबंदी मात्र त्यांनी पाळली, आणि ती पाळत असतानाच माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांना एक दीर्घ पत्र लिहिले. पापात पडण्यापूर्वी आदामाच्या, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाच्या, कंठात देवदूतांच्या स्तवनाचा गोडवा होता. त्या हरवलेल्या स्वराची आठवण माणसाला राहावी म्हणून संदेष्ट्यांनी स्तोत्रे आणि वाद्ये निर्माण केली. आणि माणूस पुन्हा गाऊ लागला हे पाहून सैतान बेचैन झाला, असे त्यात म्हटले आहे. म्हणून पुरता न्याय न तोलता जे देवाच्या मंदिरातले गाणे बंद पाडतात, त्यांना स्वर्गातील स्तवनात वाटा मिळणार नाही, असा इशाराही त्यांनी दिला. गायन म्हणजे आत्म्याचा स्वभावच, ही त्यांची भूमिका होती, आणि म्हणूनच या पत्रात याचनेचा सूर नाही.

माइन्झचे सर्वोच्च धर्मगुरू, ख्रिश्चन नावाचे आर्चबिशप, तेव्हा इटलीत होते. प्रकरण त्यांच्यापर्यंत गेले आणि सरदाराला क्षमा मिळाल्याची साक्ष पटल्यावर ११७९ च्या मार्चमध्ये त्यांनी बंदी उठवली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला हिल्डेगार्ड यांचे निधन झाले. त्यांच्या लेखनाचे सुमारे १५ किलो वजनाचे एक हस्तलिखित आज विस्बाडेनच्या ग्रंथालयात आहे. त्यात ही गीते स्वरलिपीसह लिहिलेली आहेत, त्यामुळे आजच्या गायिकांना ती गाता येतात.