ओटा बांधताना 5 वर्षांची पोरगी काय काय शिकली?

नमस्कार मंडळी! ही बघा माझ्या हातातली नळी. साधी पारदर्शक नळी, आत पाणी. गवंडी लोक हिला लेव्हल पाइप म्हणतात, आणि आजचा व्हिडिओ हिच्यामुळंच करतेय.

मे महिन्यात गावी गेलो होतो, घरामागं धुण्याभांड्याला ओटा बांधायचा होता, 6 बाय 4 फुटाचा. आबा, म्हणजे माझे वडील, त्यांनी आयुष्यभर गवंडीकाम केलंय, त्यामुळं बाहेरचा माणूस बोलवायचा प्रश्नच नव्हता. माझी मुलगी 5 वर्षांची, सारखी मधे मधे येत होती, मी दोनदा म्हटलं बाळा तू आत जा, लागेल. आबा म्हणाले, "राहू दे गं तिला, माझा पाइप कोण धरणार?"

तर तिनं नळीचं एक टोक एका खुंटीला धरलं, आबांनी दुसरं टोक दुसऱ्या खुंटीला. एका बाजूला पाणी जिथं थांबतं तेवढ्याच उंचीवर दुसऱ्या बाजूला पण थांबतं, मग तिथं खूण करायची. ती म्हणाली, "आबा, या पाण्याला तिकडचं कसं कळतं?" आबांनी उत्तर दिलंच नाही, म्हणाले तुझं टोक वर कर, आता खाली कर, बघ काय होतंय. किती वेळ दोघं तेच करत होते. मग नळीत मधे हवेचा बुडबुडा अडकला, तर आबांनी खूण पुसायला लावली, बुडबुडा असला की पाणी खोटं बोलतं म्हणाले. त्यानंतर प्रत्येक वेळी आधी बुडबुडा शोधायचं काम तिचं. आणि तिला हे पण कळलं की आपला हात हलला तर आख्खा ओटा वाकडा होणार. म्हणजे तिचं काम खरं होतं हो, खेळातलं नव्हतं, आणि मला वाटतं सगळा फरक इथंच पडतो.

मग माल कालवायचा, एक घमेलं सिमेंटला सहा घमेली वाळू. मोजायला तिला बसवलं, पण मधेच मांजर आलं आणि आकडा विसरली, रडकुंडीला आली. आबांनी सांगितलं, घमेलं पडलं की एक खडा ठेव. बास! 6 खडे झाले की ओरडायची "झालं!" मोजणी म्हणजे नुसतं एक दोन तीन म्हणणं नाही, एका घमेल्याला एकच खडा, हे तिच्या हाताला कळलं.

विटा आधी पाण्यात बुडवून ठेवल्या, कारण कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि माल नीट धरत नाही. बादलीत वीट टाकली की बुडबुडे येतात ना, ते थांबेपर्यंत ती बादलीवर वाकून बसायची.

आता एक चूक सांगते, माझी. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः 4 विटा लावल्या होत्या, थोड्या तिरक्या, आणि सांध्यावर सांधा आलेला, म्हणजे खालच्या दोन विटांमधल्या फटीवरच वरची फट, मी संध्याकाळी ती आत गेल्यावर गुपचूप काढून परत लावल्या. सकाळी आली, बघितलं आणि काही न बोलता निघून गेली, दिवसभर फिरकलीच नाही. मला फार वाईट वाटलं. आबा म्हणाले, चुकलं होतं तर तिच्यासमोर काढायचं, तिच्याच हातानं. मग त्यांनी तिला बोलवून सुट्या विटांचे दोन थर, सांधा सांध्यावर ठेवून ढकलायला लावले, मग सांधा मोडून, म्हणजे खालच्या फटीवर वरची अख्खी वीट येईल अशा विटा ठेवल्या आणि परत ढकलायला लावल्या. पुढच्या थराला ती स्वतःच मला म्हणाली, "आई, इथं सांधा आलाय."

मुलांना मदत करायला शिकवावं लागतं असं आपल्याला वाटतं ना? 2006 साली वॉर्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी 18 महिन्यांच्या बाळांसमोर वस्तू पाडल्या, हात पोचत नाही असं दाखवलं, तर बहुतेक बाळांनी कधी ना कधी मदत केली, कुणी न सांगता, बक्षीस नसताना. म्हणजे ओढ आधीपासूनच असते, आपणच "तू बाजूला हो" म्हणून म्हणून ती घालवतो. आणि हातानं काम करत शिकायचं ही गोष्ट आपल्याला नवीन नाही, 1937 ला वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली ती हीच.

एक मात्र नक्की पाळा, ओल्या सिमेंटला मुलांचा हात लागू देऊ नका, त्यानं कातडी भाजते, लागलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. कोरडं सिमेंट ओततानाही लांब ठेवा, आणि कटर चालू असेल तर मूल अंगणातच नको.

ओटा झाल्यावर 7 दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम तिच्याकडं होतं. तिला वाटायचं ओटा वाळून घट्ट होतो, मग पाणी कशाला? आबांनी सांगितलं, सिमेंट वाळून नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. तेव्हापासून संध्याकाळी तांब्या घेऊन जायची आणि ओट्याला म्हणायची, "पी रे, अजून थोडं पी."

तुमच्या घरी काही बांधकाम, रंगकाम चालू असेल तर मुलांना कुठलं काम दिलंय ते कमेंटमध्ये लिहा, मी सगळ्या वाचते. आम्ही दिवाळीत कोंबड्यांचं खुराडं बांधणार आहोत, लेव्हल पाइप धरायला माणूस ठरलेलाच आहे.