चौसष्ट अक्षरांचा ठसा

(दृश्य: रात्र. लॅपटॉपच्या पडद्यावर डाउनलोडची पट्टी पुढे सरकते आहे.)

मे 2017. हँडब्रेक हे व्हिडिओचा फॉरमॅट बदलून देणारं मोफत सॉफ्टवेअर. त्याच्या फाइली दोन सर्व्हरवरून मिळायच्या. त्यातल्या एकात कोणीतरी शिरलं, मॅकसाठीची खरी फाइल काढली आणि तिच्या जागी दुसरी ठेवली. नाव तेच, चिन्ह तेच. आत मात्र पासवर्ड चोरणारा प्रोटॉन नावाचा ट्रोजन.

2 मे ते 6 मे. या दिवसांत खरी फाइल मिळणार की खोटी, हे कोणता सर्व्हर वाट्याला येतो यावर होतं. मॅकसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पॅनिक कंपनीच्या एका संस्थापकाला खोटी मिळाली. कंपनीचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून बनतं ते मूळ लिखाण, चोरीला गेला. हा माणूस नवशिका नव्हता.

मग नवशिक्यानं काय करायचं?

उत्तर तयार असतं: चेकसम तपासा. चेकसम म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एसएचए-256 या पद्धतीला कितीही मोठी फाइल द्या, ती 64 अक्षरांची एक ओळ काढून देते. फाइलमधला एक बिट बदलला तरी ओळ पार वेगळी. आपल्याकडे आलेल्या फाइलचा ठसा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी जाहीर केलेल्या ठशाशी जुळला, तर वाटेत कोणी हात मारलेला नाही.

आता हे विंडोजवर करून बघा.

(दृश्य: काळी खिडकी, लुकलुकणारा कर्सर.)

कमांड प्रॉम्प्ट उघडायचा. 'सर्टयुटिल' लिहायचं, मग 'हॅशफाइल', मग फाइलचा पत्ता, मग पद्धतीचं नाव. कुठे एक स्पेस चुकली की एरर. आणि जमलंच, तर समोर काय येतं? 'टेस्ट' या साध्या इंग्रजी शब्दाचा ठसा ऐका. नऊ, एफ, आठ, सहा, डी, शून्य, आठ, एक… अजून छप्पन्न अक्षरं बाकी आहेत.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठातल्या संशोधकांनी 40 जणांना अशा ओळी ताडायला बसवलं. डोळे कुठे फिरतात हे टिपणारं यंत्र समोर होतं. दोन ओळी काही भागात जुळत होत्या, काही भागात नाही. एक तृतीयांशाहून जास्त लोकांना फरक दिसलाच नाही. 2018 साली हे प्रसिद्ध झालं.

त्या लोकांना मी निष्काळजी म्हणणार नाही. अशी ओळ माणसाच्या डोळ्यांसाठी नाहीच. ती ताडणं हे यंत्राचं काम, आणि आपण ते माणसाच्या गळ्यात घातलं.

(दृश्य: यूएसबी स्टिक. डाउनलोडच्या पानावर एक बटण.)

टेल्स ही यूएसबीवरून चालणारी, मागे खुणा न ठेवणारी ऑपरेटिंग सिस्टिम. ती वापरणाऱ्यांत पत्रकार असतात, कार्यकर्ते असतात, घरातल्या मारहाणीतून सुटू पाहणारी माणसं असतात. खोटी प्रत त्यांच्या जिवावर बेतू शकते. टेल्सवाल्यांनी आधी ब्राउझरचं एक छोटं एक्स्टेन्शन बनवलं. पुढे तेही नको म्हणून तपासणी थेट डाउनलोडच्या पानावरच आणली. उतरवलेली फाइल निवडायची, थोडं थांबायचं. हिशोब आपल्याच संगणकावर होतो आणि पान सांगतं, जुळलं किंवा नाही जुळलं. चौसष्ट अक्षरं वाचायची गरजच उरत नाही.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती लपवून चालणार नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची वेबसाइटच फोडली गेली, आणि डाउनलोडची लिंक घातक प्रतीकडे वळवली गेली. जो लिंक बदलू शकतो, तो शेजारी छापलेला ठसाही बदलू शकतो. तपासणारं पानही बदलू शकतो. त्यावर उतारा म्हणजे डिजिटल सही: ती बनवणाऱ्याकडच्या गुप्त चावीनं होते. ही चावी वेबसाइटवर नसते, त्यामुळे वेबसाइट फोडून खोट्या फाइलवर ती सही करता येत नाही. मात्र ती सही पडताळायची, तर खरी सार्वजनिक चावी, म्हणजे सही तपासायला सगळ्यांना दिलेली जोडचावी, कोणती हे आधी ओळखावं लागतं. नवशिका अडकतो तो इथे.

(दृश्य: एक आजी फोनवर 'अपडेट' दाबतात.)

अँड्रॉइड फोनवर अ‍ॅपचं अपडेट येतं, तेव्हा फोन त्याची सही आधीच्या सहीशी ताडतो. चावी निराळी निघाली, तर अपडेट बसवूनच घेत नाही. या आजींनी चेकसम हा शब्द आयुष्यात ऐकलेला नाही. त्यांची तपासणी मघाशीच होऊन गेली.