जखम कुणाला दाखवायची?

(नाशिकमधल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्त्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत. उल्लेख केलेल्या व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मंडळी, नमस्कार.

काही दिवसांपूर्वी एका आईचा फोन आला. मुलगा सत्तावीस वर्षांचा, अंबडला कारखान्यात नोकरीला. चार महिन्यांपूर्वी भंडारदऱ्याहून परतताना घोटीजवळ त्याचा मित्र त्याच्या डोळ्यांदेखत ट्रकखाली गेला. तेव्हापासून मुलगा मोटारसायकलला हात लावत नाही. रात्री तीनला दचकून उठतो. रस्त्यावर कुणी करकचून ब्रेक मारला की घामाघूम होतो. आई म्हणाली, "मॅडम, कुणीतरी चांगला माणूस सांगा. त्याला दाखवते."

मी त्या 'चांगला माणूस'वर अडले. कारण चांगली माणसं त्याला भेटून झाली होती. मामांनी समजावलं होतं. शेजारचे काका वणीला गडावर घेऊन गेले होते. ओळखीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. एका समुपदेशकानं पहिल्याच भेटीत "सगळं सांग, मोकळा हो" म्हणून दीड तास तो अपघात त्याच्या तोंडून वदवून घेतला आणि पुढं काय करायचं हे न सांगता घरी पाठवलं. मुलगा त्यानंतर आठवडाभर जेवला नाही. यातल्या एकाच्याही मनात वाईट नव्हतं. पण पाय मोडला तर आपण चांगला माणूस शोधत बसत नाही, हाडाचा डॉक्टर शोधतो. आज मला त्याच शोधाबद्दल बोलायचं आहे.

त्याआधी थोडं आपल्या गावाबद्दल. इंग्रजीत 'डूलॅली' असा एक शब्द आहे. डोकं फिरलेल्याला हिणवताना वापरतात. तो आला आपल्या देवळालीवरून. १८६१ पासून तिथं ब्रिटिश फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथं महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि त्यातले कित्येक जण सैरभैर व्हायचे. त्याला म्हणायचे 'डूलॅली टॅप'. हा टॅप म्हणजे आपला ताप. पुढं पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्यांच्या माऱ्यात बसलेला धक्का, हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. तरीही अशा सैनिकांना भित्रे ठरवलं जात राहिलं. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत पीटीएसडी हे नाव आलं. आघातानंतरचा ताणविकार. इतकी वर्षं ज्याला लोक वेड म्हणाले, भित्रेपणा म्हणाले, तो आजार होता आणि त्याला उपचार होते. देवळालीवरून जाताना मला दर वेळी हे आठवतं आणि दर वेळी वाईट वाटतं.

हा आजार फक्त सैनिकांचा नाही. या गावानं २००३च्या कुंभमेळ्यातली चेंगराचेंगरी पाहिली आहे. एप्रिल २०२१ मध्ये रुग्णालयात ऑक्सिजनच्या गळतीनं रुग्ण दगावले, नातेवाईक तिथेच उभे होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये पहाटे भररस्त्यात बस पेटली. आणि ज्यांची बातमी होत नाही अशा गोष्टी बंद दाराआड रोज होतात. नवऱ्याची मारहाण. लहानपणी घरातल्याच कुणीतरी केलेला अत्याचार. गारपिटीनंतर बागेत जीव दिलेल्या वडिलांना ज्या मुलानं पहिल्यांदा बघितलं, तो मुलगा.

एक दिलासा आधी देते. आघात सोसलेल्या बहुतेकांना पीटीएसडी होत नाही. पहिले काही आठवडे झोप उडणं, रडू येणं, तेच तेच दिसणं हे स्वाभाविक आहे. त्या दिवसांत माणसाला जेवण, झोप, सोबत आणि कागदपत्रांच्या धावपळीत मदत लागते. धरून बसवून सगळं ओकायला लावायची गरज नसते. घटनेनंतर लगेच एका बैठकीत असं बोलतं केल्यानं आजार टळत नाही, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. मात्र महिना उलटला तरी घटना पुन्हा पुन्हा अंगावर येत असेल, माणूस तो रस्ता, ती माणसं, तो विषय टाळत असेल, सतत कान टवकारून जगत असेल आणि कामधंदा, संसार अडला असेल, तर मदत घ्यायची वेळ झाली. मरणाचे विचार येत असतील तर महिन्याची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

आता कुणाकडे जायचं. पाट्यांचा गोंधळ मोठा आहे, पण तो लवकर सुटतो. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, एमबीबीएस होऊन पुढं मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. ते औषध लिहून देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, त्यांचं एम.फिल.सारखं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी असते, तो क्रमांक तुम्ही मागू शकता. समुपदेशक या शब्दाखाली मात्र मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षं शिकत राहिलेली उत्तम माणसंही येतात आणि चार शनिवार-रविवारचा कोर्स केलेलीही. नावाआधी 'डॉ.' असेल तर ते कशाचे डॉक्टर हेही विचारा. यात कसलाही उद्धटपणा नाही.

पदवी ही पहिली चाळणी. त्यानंतरची महत्त्वाची: आघातावरचे विशिष्ट उपचार या व्यक्तीला येतात का? चार नावं लिहून घ्या.

पहिला, प्रोलाँग्ड एक्सपोजर. एड्ना फोआ यांनी विकसित केलेला. साधारण ८ ते १५ बैठका, एकेक दीड तासाची. यातही घटना सांगायची असते. मग त्या आधीच्या समुपदेशकाचं काय चुकलं, असं तुम्ही विचाराल. इथं आधी समजावून सांगतात की हे का करायचं. तुमची संमती घेतात. सांगून झाल्यावर तिथेच थांबून त्यावर बोलतात, तुम्ही सावरेपर्यंत. तीच गोष्ट पुढच्या बैठकीत पुन्हा, आणि तिचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं. हळूहळू मेंदूला कळतं की ही आठवण आहे, आत्ता ट्रक येत नाहीये. त्याच्या जोडीनं टाळलेल्या गोष्टींची शिडी चढायची. त्या मुलाची शिडी अशी होती: आधी बंद गाडीवर नुसतं बसायचं. मग कॉलनीत एक फेरी. मग पाथर्डी फाट्यापर्यंत. घोटी सगळ्यात वर. कोणत्या आठवड्यात कोणती पायरी, हे तो ठरवत होता.

दुसरा, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, पॅट्रिशिया रेसिक यांची, बहुधा १२ बैठकांची. यात घटनेपेक्षा घटनेनंतर मनात रुतलेल्या विचारावर काम होतं. "मीच त्याला पुढे हो म्हणालो." "मी आरडाओरडा केला नाही, म्हणजे माझीच चूक." या वाक्यांना घरचे लोक "तसं काही नाही गं" म्हणून उडवून लावतात. ते प्रेमानंच म्हणतात, पण वाक्य तिथंच राहतं. थेरपिस्ट ते वाक्य कागदावर लिहायला लावतो आणि विचारतो: त्या क्षणी तुला काय माहीत होतं? काय माहीत असणं शक्य होतं? मी बायकांना या कागदाकडे बघून वीस वर्षांनी पहिल्यांदा स्वतःची बाजू घेताना पाहिलं आहे.

तिसरा, ईएमडीआर. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८९ मध्ये त्यावरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागं डोळे फिरवायचे, असं त्याचं बाहेरून दिसणारं रूप. डोळ्यांच्या हालचालीचा नेमका वाटा किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण उपचारानं गुण येतो याला पुरावा आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याची शिफारस केली आहे. चौथा, मुलांसाठीचा आघातकेंद्रित सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारा बोलण्यातून होणारा उपचार. त्यात आईवडिलांनाही सामील करून घेतात. मूल लहान असेल तर मुलांसोबत काम करणाराच थेरपिस्ट शोधा.

लहानपणापासून वर्षानुवर्षं अत्याचार झाला असेल तर बारा बैठकांत भागेलच असं नाही. तिथं आधी झोप, सुरक्षितता, रोजचं जगणं स्थिर करण्यात वेळ जातो, आणि तो जायला हवा.

औषधांबद्दल एवढंच. सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांचा पीटीएसडीत उपयोग होतो, आणि नैराश्य सोबत असेल तर बऱ्याचदा लागतातच. पण अल्प्राझोलामसारख्या शांत करणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, सवय मात्र लागते. स्वतःहून एकदम बंदही करू नका.

आता फोन. पहिली भेट घेण्याआधी दहा मिनिटं बोलायला मिळेल का, असं विचारा. मिळाली तर विचारा: आघात झालेल्यांसोबत तुम्ही किती काम केलंय? कोणत्या पद्धतीनं? ती कुठं शिकलात? अवघड केस असली तर तुम्ही कुणाचा सल्ला घेता? पहिल्याच दिवशी सगळं सांगावं लागेल का? दोन भेटींच्या मधे मला फार त्रास झाला तर काय करायचं? बरं वाटतंय की नाही हे आपण कसं मोजणार? या शेवटच्या प्रश्नाला चांगला थेरपिस्ट खूश होतो. वीस प्रश्नांची पीसीएल-५ नावाची प्रश्नावली असते, ती दर काही आठवड्यांनी भरून घेतली की आकडा खाली येतोय का ते दोघांनाही दिसतं.

गुप्ततेबद्दल इथं जरा थांबते. नाशिक वाढलं, पण कॉलेज रोडवर कुणाच्या क्लिनिकमधून उतरताना आत्याच्या जाऊबाई भेटणार नाहीत याची खात्री नाही. लोक मला सांगतात, मॅडम, तुमच्या जिन्यातच निम्मं धैर्य संपतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. तिला मर्यादाही आहेत: जिवाला धोका असेल तर, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्यानं ती कळवणं बंधनकारक असल्यामुळे. या मर्यादा जो आधीच सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

भाषेचंही तसंच. सटाण्याकडच्या एका बाई माझ्याशी प्रमाण मराठीत बोलायच्या, आणि सगळं नीटनेटकं सांगायच्या. एकदा मी म्हटलं, तुमच्या अहिराणीत सांगा, मला थोडं कमी कळलं तरी चालेल. त्या दिवशी त्या पहिल्यांदा रडल्या. ज्या भाषेत तुम्ही किंचाळला असता, ती भाषा ज्याला कळते किंवा जो ती ऐकून घ्यायला तयार आहे, असा माणूस बघा.

कुठून परत फिरायचं, तेही सांगते. "विसरून जा", "माफ करून टाक", "संसार म्हटला की होतंच" असं म्हणणारा. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी शेजारी बसवणारा. एका बैठकीत बरं करतो म्हणणारा. संमोहनानं दडलेल्या आठवणी बाहेर काढतो म्हणणारा. मानसोपचारतज्ज्ञांशी न बोलता गोळ्या बंद करायला सांगणारा. तुमच्याशी मैत्री, व्यवहार किंवा शारीरिक जवळीक जोडू बघणारा. या शेवटच्या बाबतीत दुसरी संधी द्यायची नाही, उठून यायचं.

मधल्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: "इगतपुरीला दहा दिवस पाठवलं तर?" तिथल्या विपश्यनेच्या ध्यानशिबिरांनी पुष्कळांना लाभ झाला आहे. पण ताजा आघात घेऊन दहा दिवस मौनात बसलं की त्या शांततेत तेच चित्र उसळू शकतं. तिथल्या अर्जात मानसिक त्रासाबद्दल विचारतात, ते खरं भरा, आणि आधी थेरपिस्टशी बोला.

थेरपिस्ट बदलायचा कधी, हा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो. तीन-चार बैठका झाल्या, तरी काय चाललंय आणि कुठं जायचंय हे सांगितलं जात नसेल, किंवा समोर बसल्यावर तुम्ही आक्रसून जात असाल, तर बदला. पण उपचार मूळ जखमेपाशी आला की सुरुवातीला त्रास थोडा वाढतो, आणि नेमकं तेव्हाच "हा माणूस बरोबर नाही" असं वाटायला लागतं. टाळणं हे तर या आजाराचंच लक्षण. म्हणून सोडण्याआधी एकदा समोर बसून सांगा, मला यायला नको वाटतंय. तो चिडला तर तुम्हाला उत्तर मिळालं. त्यानं गती कमी केली, विचारपूस केली, तर अजून दोन बैठका द्या.

पैशांचं मी टाळणार नाही. खासगी बैठका महाग पडतात. फी आधी विचारा, सवलत मागायला लाजू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं सुरुवात करता येते. रात्री-बेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यावं असं कायदा म्हणतो, पण बहुतेक पॉलिसी मुळात ओपीडीचाच खर्च देत नाहीत, तेव्हा आपली पॉलिसी वाचून बघा.

शेवटची चिठ्ठी. "पहिल्या दिवशी सोबत जावं का?" त्या आईनंही हेच विचारलं होतं. जा. त्याला विचारून जा. आत तो म्हणाला तरच बसा, नाहीतर बाहेर बाकावर थांबा. बाहेर आल्यावर "काय विचारलं? तू काय सांगितलंस?" असं काही विचारू नका. भूक लागली असेल तर काहीतरी खा. रिक्षा तो म्हणेल त्या रस्त्यानं घ्या, लांब पडला तरी चालेल.