गवतानं धरलेली वाळू

वारा आला की पवनचक्कीची ही पाती फिरतात, नळातला दांडा वरखाली होतो आणि पत्र्याच्या टाकीत पाण्याची धार पडते. वीज नाही, जवळपास माणूसही नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या चेरी काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, गुरं पाणी पितात ती अशा टाक्यांवर. पाणी येतं पायाखालच्या ओगलाला भूजलसाठ्यातून.

या हिरव्या टेकड्या नीट पाहा. एकेक टेकडी म्हणजे वाळूचा ढीग आहे. सँडहिल्स हा पश्चिम गोलार्धातला सर्वांत मोठा वाळूटेकड्यांचा पट्टा, सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरचा. गवत उपटलं की मुळांना चिकटलेली वाळू बोटांतून सुळकन गळते. मुळं आहेत तोवरच ती जागेवर. जनावरांची एकच वाट रोज तुडवली गेली, गवत झिजलं, की वारा तिथे शिरतो आणि खड्डा पोखरत नेतो. इथले लोक त्याला ब्लोआउट म्हणतात. समोरच्या खड्ड्यात जुने टायर टाकलेत, ते वाळू अडवण्यासाठी.

मूळनिवासी लाकोटा लोक या टेकड्यांत बायसनच्या शिकारीला येत. गोऱ्या पशुपालकांना मात्र आत शिरायची भीती वाटे. १८७९च्या हिमवादळात त्यांची गुरं भरकटून आत गेली. शोधायला गेलेल्या काउबॉयना ती सापडलीच, शिवाय आधीच्या वर्षांत हरवलेली गुरंही भेटली, तीही चांगली धष्टपुष्ट! या गवताची किंमत तेव्हा कळली. १८८३मध्ये रेल्वे इथल्या व्हॅलेंटाइन गावाला पोचली, त्याच वर्षी काउंटी झाली. नाव मिळालं लेफ्टनंट सॅम्युएल चेरी या लष्करी अधिकाऱ्याचं.

मग १९०४चा किंकेड कायदा आला. कसेल त्याला ६४० एकर जमीन, फुकट. कागदावर उदार वाटतो, पण तो करणाऱ्यांनी एकर मोजले, माती पाहिली नाही. लोक आले, मुळांसकट कापलेल्या गवताळ ढेकळांच्या भिंती रचून राहिले, मक्यासाठी टेकड्या नांगरल्या. नांगर फिरला तिथली वाळू उडाली. १९२०मध्ये काउंटीत ११,७५३ माणसं होती; २०२०मध्ये उरली ५,४५५, त्यांतली जवळपास निम्मी एकट्या व्हॅलेंटाइनमध्ये. काउंटीचं क्षेत्रफळ मात्र अमेरिकेच्याच कनेक्टिकट राज्याहून मोठं.

नॉर्थ लूप नदीच्या काठी १९०७मध्ये कृष्णवर्णीय कुटुंबांनी डेविटी ही वस्ती उभारली होती. गुलामगिरीतून सुटलेल्यांची मुलंनातवंडं इथे स्वतःच्या जमिनीची मालक झाली. तीही शेवटी सोडून गेली. त्या काठावर आज पुन्हा गवत आहे, आणि त्यात चरणारी ही काळी गुरं.