किल्ली फिरवू नका

(पडद्यावर : गाळाने भरलेली बाजारपेठ, दुकानांपुढे भिजलेल्या मालाचे ढीग)

२२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शिव, दोन्ही नद्या चिपळूणच्या बाजारपेठेत शिरल्या. २००५ चा पूर पाहिलेली माणसंही या वेळचं पाणी बघून हबकली. पाणी ओसरलं तेव्हा वीज नव्हती, फोन लागत नव्हते आणि गल्लोगल्ली चिखलात रुतलेल्या गाड्या उभ्या होत्या.

घरातला गाळ उपसून झाला की माणूस गाडीकडे वळतो. दार उघडतो, सीट पुसतो आणि सवयीने किल्ली लावतो. म्हणतो, ‘बघू तरी, चालू होते का.’

तिथेच घात होतो.

(पडद्यावर : गॅरेज. उघडलेलं इंजिन, मेकॅनिकच्या हातात वाकलेला रॉड)

सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना इंजिन फिरवलं तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद इंजिन नुसतं पाण्यात उभं राहिलं तर रॉड वाकत नाही. त्यामुळे वाकडा रॉड हाती आला की विमा कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेल्या सर्व्हेअरला फारसं काही विचारावं लागत नाही. पुरामुळे झालेलं नुकसान आमचं, सुरू करायला गेल्यामुळे झालेलं तुमचं, असा कंपनीचा पवित्रा असतो. कागदावर त्याला ‘परिणामी नुकसान’ म्हणतात आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कवच घ्यावं लागतं, तेही अटी वाचूनच. नदीकाठच्या गावात हे कवच एजंटाने आपणहून सुचवायला हवं. पण नूतनीकरणाच्या वेळी बोलणं होतं ते हप्ता किती कमी बसेल याचंच.

आणि ज्यांनी फक्त थर्ड पार्टी विमा काढलाय, पोलिसांना दाखवण्यापुरता, त्यांना स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. पूर येवो की आग लागो.

तेव्हा गाडी न्यूट्रलवर टाकायची, बॅटरीची तार सोडवायची आणि धुवायच्या आधी फोटो काढायचे. पाणी कुठवर आलं होतं ती दारावरची चिखलाची रेघ आणि नंबरप्लेट, दोन्ही दिसायला हवं. मग कंपनीला कळवून दावा क्रमांक घ्यायचा. फोन बंद असतील तर रेंज येईल त्या दिवशी कळवा, आणि उशीर का झाला ते लिहूनच द्या. गाडी ढकलत किंवा क्रेनने न्यायची. नेहमीच्या पॉलिसीत टोइंगला जेमतेम १,५०० रुपये मिळतात. घाटापलीकडच्या वर्कशॉपला गाडी न्यायची तर तेवढ्यात काय होणार?

(पडद्यावर : सर्व्हेअर वाकून गाडीत बघतोय)

सर्व्हेअर आधी ती रेघ बघतो. पाणी गालिच्यापर्यंत होतं, सीटपर्यंत की डॅशबोर्डच्याही वर? मग डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल बघायची पट्टी, ओढतो. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर इंजिनात पाणी गेलंय. एअर फिल्टर काढून ओला आहे का ते पाहतो. हे चालू असताना तुम्ही तिथे हजर राहा, असं आमचं स्पष्ट मत आहे. नंतर कागदावर भांडण्यापेक्षा समोर दाखवणं सोपं.

बिल मंजूर झालं तरी पूर्ण मिळत नाही. प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, कापतात. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के. घसारा न कापण्याचं ‘झीरो डेप’ हे जादा कवच असेल तर ही कात्री बरीचशी टळते.

पाणी डॅशबोर्डच्या वर गेलं असेल तर हिशेबच बदलतो. समजा, पॉलिसीवर गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, ४ लाख आहे. दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांच्या, म्हणजे ३ लाखांच्या पुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. मग सक्तीची वजावट, म्हणजे मालकानेच सोसायची ठरावीक रक्कम, सोडून आयडीव्ही मिळते. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला ही वजावट १,००० रुपये. कर्ज बाकी असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात, उरलेले तुमच्याकडे. गाडी भंगार म्हणून स्वतःकडे ठेवायची तर त्या भंगाराची किंमत मिळणाऱ्या पैशांतून वजा होते.

हे भंगार पुढे लिलावात जातं आणि त्यातल्या काही गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. जुनी गाडी घेताना सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. टोकाकडच्या पट्ट्यावर मातकट डाग दिसला तर गाडी कितीही चकचकीत असो, व्यवहार करू नका.

(पडद्यावर : नामंजुरीचं पत्र)

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. फोनवरचा ‘बसत नाही, साहेब’ हा नकार धरू नका. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीचा नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. सोबत पॉलिसी, सर्व्हे अहवालाची प्रत आणि गाडी धुण्याआधी काढलेले ते फोटो न्या.